विश्लेषण : नाझींनी हटवलेला कृष्णवर्णीय संत आज पुन्हा वादात का? जर्मनीतल्या छोट्या कोबुर्गच्या बोधचिन्हाची गोष्ट

जर्मनीतल्या कोबुर्ग शहराची लोकसंख्या साधारण ४१ हजार. आपल्याकडे एवढ्या वस्तीला तालुक्याचे गाव म्हणतात. पण या गावाचे बोधचिन्ह युरोपात वेगळे उठून दिसते. सोनेरी ढालीवर एका कृष्णवर्णीय माणसाचे डोके, कुरळे केस, कानात सोन्याची बाळी. बाव्हेरियासारख्या गोऱ्यांच्या प्रांतातल्या या गावात हेच चिन्ह नगरपालिकेच्या कागदांवर आहे आणि रस्त्यावरच्या गटारांच्या झाकणांवरही. हिटलरच्या राजवटीने १९३४ मध्ये ते हटवले, युद्ध संपताच १९४५ मध्ये ते परत आले. २०२० मध्ये मात्र ते हटवण्याची मागणी पुन्हा झाली आणि या वेळी मागणी करणारे वंशवादाचे विरोधक होते. एकाच चित्रावर दोन टोकांच्या लोकांचा आक्षेप कसा काय?

बोधचिन्हावरचा माणूस कोण?

त्याचे नाव संत मॉरिस, जर्मनमध्ये मॉरिशियस किंवा मोरित्झ. ख्रिस्ती परंपरेतली कथा अशी. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस रोमन सैन्यात इजिप्तमधल्या थीब्ज भागातून भरती केलेली एक तुकडी होती. सगळे शिपाई ख्रिस्ती आणि मॉरिस त्यांचा सेनापती. सम्राट मॅक्सिमियनने ही तुकडी आल्प्स पर्वताकडे नेली आणि रोमन देवांना बळी देण्याचा हुकूम सोडला. मॉरिस आणि त्याच्या शिपायांनी नकार दिला. शिक्षा म्हणून दर दहातला एक शिपाई मारला गेला, तरी बाकीचे बधले नाहीत आणि अखेर सगळ्यांनाच ठार केले गेले. हे घडले असे मानले जाते ती जागा स्वित्झर्लंडमध्ये असून तिथल्या गावाचे नावच आज ‘सेंट मॉरिस’ आहे.

एवढी मोठी तुकडी खरोखर मारली गेली का, याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. कथा लिहून ठेवली गेली तीच पाचव्या शतकात. पण मध्ययुगातल्या माणसाला तसला प्रश्न पडत नव्हता. हुकमापेक्षा श्रद्धा मोठी मानणारा शिपाई म्हणून मॉरिस योद्ध्यांचा संत झाला. सम्राट पहिल्या ओटोने दहाव्या शतकात माग्डेबुर्ग इथे त्याच्या नावाने मठ उभारला, त्याचे अवशेष तिथे आणवले आणि संताचे महत्त्व थेट राजसत्तेशी जोडले गेले. कोबुर्गच्या मुख्य चर्चचे नावही सांक्ट मोरित्झ आहे आणि तोच गावाचा रक्षणकर्ता संत. गावाच्या ढालीवर त्याचे डोके आले ते याच नात्याने.

जाता जाता एक गोष्ट. मॉरिशस बेटाला डच खलाशांनी १५९८ मध्ये नाव दिले ते नासाऊच्या राजपुत्र मॉरिट्सवरून. राजपुत्राचे नाव मुळात याच संताचे. म्हणजे मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबे ज्या बेटाला घर म्हणतात, त्याच्या नावाचा धागाही इथवर येतो.

पण तो कृष्णवर्णीय कसा झाला?

सुरुवातीच्या चित्रांत तो कृष्णवर्णीय नव्हता. कित्येक शतके मॉरिस इतर रोमन सरदारांसारखा गोराच रंगवला जाई. बदल झाला तो तेराव्या शतकात. माग्डेबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये साधारण १२४० ते १२५० च्या सुमारास मॉरिसचा दगडी पुतळा घडवला गेला. अंगात साखळ्यांचे चिलखत आणि चेहरा आफ्रिकी माणसाचा. नाक, ओठ, गालांची ठेवण इतकी खरी, की शिल्पकाराने समोर माणूस बसवून काम केले असावे असे वाटते. आल्प्सच्या उत्तरेकडच्या युरोपीय कलेत आफ्रिकी माणसाचे एवढे वास्तव चित्रण त्याआधीचे माहीत नाही.

यामागे नावाचाही भाग होता. मॉरिशियस हे नाव लॅटिनमधल्या ‘माउरुस’ शब्दाशी जोडले गेले. माउरुस म्हणजे आफ्रिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या मॉरेतानियाचा रहिवासी. त्या शब्दावरूनच जर्मनमध्ये ‘मोर’ हा शब्द आला. (मराठी कानाला पिसारा आठवेल, पण पक्ष्याशी त्याचा संबंध नाही.) संत आफ्रिकेतला, नावातही आफ्रिका, मग चेहरा गोरा कशाला, असा तो हिशेब. पुढची तीनेकशे वर्षे जर्मन प्रदेशात कृष्णवर्णीय मॉरिस लोकप्रिय होता. ग्रुनेवाल्ड, लुकास क्रानाख अशा मोठ्या चित्रकारांनी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला झळझळीत चिलखतात, पूर्ण दिमाखात रंगवले आहे. ग्रुनेवाल्डचे चित्र म्युनिकला आहे, क्रानाखचे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. युरोपात कृष्णवर्णीय डोक्याची आणखीही चिन्हे आहेत. सार्डिनियाच्या झेंड्यावर चार डोकी आहेत, शेजारच्या कॉर्सिकाच्या झेंड्यावर एक. सार्डिनियाच्या डोक्यांमागची कथा आरागोनच्या राजाने मूर शत्रूंवर मिळवलेल्या विजयाची आहे. ती पराभूतांची डोकी. कोबुर्गचे डोके पूज्य माणसाचे. दिसायला चित्रे जवळची, अर्थ मात्र उलटा. आजच्या वादात ही गोष्ट सारखी पुढे येते आणि तितक्याच वेळा विसरलीही जाते.

सोनेरी ढाल आणि काळा-पिवळा झेंडा कशासाठी?

युरोपातली ही चिन्हे मुळात रणांगणातली. शिरस्त्राणाआड चेहरा झाकला गेला, की माणूस ओळखायचा ढालीवरून, तोही लांबून. म्हणून रंगांचा एक साधा नियम ठरला. सोने आणि चांदी म्हणजे पिवळा आणि पांढरा हे ‘धातू’. लाल, निळा, काळा, हिरवा हे ‘रंग’. धातूवर रंग चालेल, रंगावर धातू चालेल, पण रंगावर रंग नको. काळे डोके सोन्यावर असण्याचे एक कारण हे. दोनशे पावलांवरून दिसले पाहिजे, एवढीच अपेक्षा.

झेंड्याचे रंगही ढालीतूनच येतात. त्यामुळे कोबुर्गचे रंग काळा आणि पिवळा. वरचा पट्टा डोक्याचा, खालचा ढालीचा असे समजायला हरकत नाही. 

या शास्त्राचा दुसरा नियम कमी माहितीचा आहे आणि आजच्या वादात तोच कळीचा ठरतो. बोधचिन्ह हे चित्र नसते, ते वर्णन असते. ‘सोनेरी ढालीवर कानात सोन्याची बाळी असलेले मूर माणसाचे डोके’ एवढे शब्द म्हणजे कोबुर्गचे चिन्ह. ते शब्द पाळून कोणत्याही चित्रकाराने कसेही डोके काढले, तरी ते चिन्ह अधिकृतच. गणपतीच्या मूर्तीला सोंड, मोदक आणि उंदीर असला की झाले, बाकी मूर्तिकाराचा हात, तसेच काहीसे. ओठ किती जाड, केस किती कुरळे, नजर कुठे, हे शब्दांत लिहिलेले नसते. ते त्या त्या काळाच्या चित्रकाराच्या डोक्यातून येते.

बाळीचे मात्र तसे नाही, ती वर्णनातच आहे. संताच्या कथेत बाळीचा उल्लेख कुठेही नाही. ‘आफ्रिकी माणूस म्हणजे कानात बाळी’ ही नंतरच्या युरोपची कल्पना. रोमन सेनापती इथे हळूहळू ‘परदेशी नमुना’ कसा होत गेला, याची ती छोटीशी खूण आहे.

हे गाव ओळखीचे का वाटते?

कारण इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिचा नवरा इथला. प्रिन्स अल्बर्टचा जन्म २६ ऑगस्ट १८१९ रोजी कोबुर्गजवळच्या रोझेनाउ वाड्यात झाला. त्याच्या घराण्याचे नाव साक्स-कोबुर्ग-गोथा. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेतले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये सुरू झाले तेव्हा ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ होते आणि अल्बर्टचा पुतळा आजही तिथे आहे. ज्याच्या घोड्यावरून फोर्टमधल्या भागाला ‘काळा घोडा’ नाव पडले तो सातवा एडवर्ड म्हणजे अल्बर्टचा मुलगा आणि साक्स-कोबुर्ग-गोथा घराण्याचा इंग्लंडचा पहिला राजा. त्याचाही पुतळा आता त्याच बागेत आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन नाव अडचणीचे झाले, तेव्हा १९१७ मध्ये ब्रिटिश राजघराण्याने ते टाकून ‘विंडसर’ हे नाव घेतले.

कोबुर्गच्या बाजारचौकातही अल्बर्टचा पुतळा आहे. १८६५ मध्ये खुद्द व्हिक्टोरियाच्या उपस्थितीत त्याचे अनावरण झाले. पुतळ्याच्या एका बाजूला टाउन हॉल आणि त्याच्या छताच्या टोकावर संत मॉरिस उभा. त्याच्या हातात सेनापतीचा दंड आहे. गावकऱ्यांचे म्हणणे, गावात विकल्या जाणाऱ्या भाजक्या सॉसेजची लांबी या दंडावरून ठरते. कोबुर्गचे सॉसेज साधारण ३१ सेंटिमीटरचे असते आणि पाइनच्या सुक्या बोंडांच्या निखाऱ्यावर भाजतात. म्हणून गावात या संताला लाडाने ‘सॉसेजवाला’ म्हणतात. रक्षणकर्त्या संताशी इतकी जवळीक पंढरपूरच्या लोकांना तरी नवी वाटायची नाही.

आणखी एक गंमत म्हणजे हे गाव प्रोटेस्टंट. १५३० मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर गावावरच्या किल्ल्यात जवळपास सहा महिने राहिला आणि त्याने मोरित्झ चर्चमध्ये प्रवचनही केले. ल्यूथरच्या पंथात संतांची पूजा उरली नाही. तरी मॉरिस ढालीवरून उतरला नाही. त्याची भक्ती गेली आणि तो गावाची ओळख म्हणून राहिला.

नाझींनी चिन्ह का बदलले?

कोबुर्गच्या इतिहासातले हे सर्वांत काळे पान. पहिल्या महायुद्धानंतर इथली सरदारी संपली. नोव्हेंबर १९१९ मध्ये लोकांनी मतदान करून थुरिंजियात जायला नकार दिला, सुमारे ८८ टक्के मते विरोधात पडली आणि १९२० मध्ये कोबुर्ग बाव्हेरियाला जोडले गेले. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९२२ मध्ये, हिटलर खास रेल्वेगाडीने सुमारे ६५० गणवेशधारी साथीदारांसह इथे आला. रस्त्यावर डाव्या कामगारांशी मारामाऱ्या झाल्या. हिटलरने आपल्या पुस्तकात त्याचे अभिमानाने वर्णन केले आणि पुढे त्या दिवसाचे खास पदकही निघाले. गादी गेलेला इथला ड्यूक कार्ल एडुआर्ड हा व्हिक्टोरियाचा नातू. तोही हिटलरच्या गोटात गेला.

जून १९२९ च्या नगरपालिका निवडणुकीत नाझी पक्षाला २५ पैकी १३ जागा मिळाल्या. संपूर्ण जर्मनीत त्या पक्षाला स्पष्ट बहुमत देणारे हे पहिले शहर. जानेवारी १९३१ मध्ये टाउन हॉलवर स्वस्तिकाचा झेंडा लागला, तेव्हा हिटलर चॅन्सेलर व्हायला अजून दोन वर्षे होती. १९३२ मध्ये गावाने त्याला मानद नागरिकत्व दिले.

अशा गावाच्या ढालीवर आफ्रिकी माणूस! वंशशुद्धीच्या गप्पा मारणाऱ्यांना तो खपणे शक्यच नव्हते. १९३४ मध्ये मॉरिसचे डोके काढून टाकण्यात आले. त्या जागी उभी तलवार आली आणि तिच्या मुठीच्या टोकावर स्वस्तिक. काळा आणि सोनेरी हे रंग तेवढे ठेवले. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी सैन्य गावात शिरले आणि त्याच वर्षी मॉरिस परतला. म्हणून ज्येष्ठ कोबुर्गकरांच्या लेखी हे डोके नाझींच्या पराभवाचे चिन्ह आहे. ‘वंशवाद्यांनी काढलेला माणूस आम्ही परत आणला’ हा त्यांचा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे. मात्र ज्या गावाने नाझींना सर्वांत आधी निवडून दिले, तेही हेच, ही बाब या युक्तिवादात सोयीने मागे राहते.

मग आताचा आक्षेप काय?

मे २०२० मध्ये अमेरिकेत मिनियापोलिस इथे पोलिसांच्या हाती जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाचा मृत्यू झाला. त्यानंतर जगभर पुतळे, रस्त्यांची नावे, चिन्हे यांची झाडाझडती सुरू झाली. जर्मनीत ती आधीच सुरू होती. एका प्रसिद्ध चॉकलेटच्या वेष्टनावरचा ‘मोर’ नोकर २००४ मध्येच जाऊन त्याच्या जागी जादूगार आला होता. बर्लिनमधल्या ‘मोरेनश्ट्रासे’ या रस्त्याला अठराव्या शतकातले आफ्रिकी वंशाचे तत्त्वज्ञ अँटोन विल्हेल्म आमो यांचे नाव देण्याचे २०२० मध्ये ठरले. कोर्टकज्जे होऊन प्रत्यक्ष नाव बदलायला २०२५ उजाडले.

त्याच लाटेत कोबुर्गचे बोधचिन्ह बदलावे अशी ऑनलाइन याचिका बर्लिनमधून निघाली. चिन्ह राखा म्हणणारी दुसरी याचिकाही लगोलग आली. आक्षेप दोन होते आणि ते वेगवेगळे तोलायला हवेत.

पहिला शब्दाबद्दल. ‘मोर’ हा शब्द आज बहुतेक कृष्णवर्णीय जर्मनांना अपमानास्पद वाटतो. कोबुर्गकर मात्र आपल्या चिन्हाला बिनदिक्कत ‘कोबुर्गचा मोर’ म्हणतात. मराठीतल्या ‘हबशी’ शब्दाचा प्रवास आठवला तर हे कळायला सोपे जाते. हबश म्हणजे अॅबिसिनिया, तिथला तो हबशी. मलिक अंबरच्या काळात ती माहिती होती. आज कुणी कुणाला तोंडावर तसे म्हटले, तर ती शिवी ठरते. शब्दाचा मूळ अर्थ निर्मळ असला, म्हणून ऐकणाऱ्याला तो बोचत नाही असे होत नाही.

दुसरा आक्षेप चित्राबद्दल. माग्डेबुर्गच्या पुतळ्यातला मॉरिस विशिष्ट चेहऱ्याचा माणूस आहे. कोबुर्गच्या ढालीवरचा मॉरिस म्हणजे जाड ओठ, कुरळे केस, बाळी असा ठोकळा. वसाहतींच्या काळात कॉफी-तंबाखूच्या डब्यांवर छापले जाई तसे हे डोके दिसते, असे टीकाकार म्हणतात. डोक्याभोवती तेजोवलय नाही, अंगात चिलखत नाही, खाली नावही नाही. कोबुर्गमध्ये वाढलेल्याला तो संत आहे हे माहीत असते. पण बाहेरून आलेल्या, विशेषतः कृष्णवर्णीय पाहुण्याला दिसते ते एक व्यंगचित्रासारखे डोके, तेही पायाखालच्या गटाराच्या झाकणावर. त्याला वाईट वाटले तर ‘आधी इतिहास वाचा’ हे उत्तर पुरेसे नाही.

चिन्हाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दाही हलका नाही. युरोपातल्या किती गावांनी कृष्णवर्णीय माणसाला आपला रक्षणकर्ता मानले? तो काढला, तर उरेल ती रिकामी ढाल किंवा एखादा मनोरा, सिंह, गरुड. असल्या चिन्हांची जर्मनीत वाण नाही. शिवाय आफ्रिकी माणूस सेनापती आणि संत होता, ही आठवणच ढालीवरून पुसली जाईल. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ मध्ये आपल्या चिन्हात फ्रायसिंग धर्मप्रांताचे मुकुटधारी मूर डोके ठेवले होते, याचाही दाखला दिला जातो.

बदलायचे ठरले तर काय करावे लागेल?

बाव्हेरियाच्या कायद्यानुसार आपले ऐतिहासिक चिन्ह आणि झेंडा वापरण्याचा अधिकार गावांना आहे. ते बदलायचे किंवा नवे घ्यायचे, तर निर्णय नगरपरिषदेचा. मात्र आधी राज्याच्या पुराभिलेख खात्याचा सल्ला घेणे बंधनकारक आहे. इतरांना ते चिन्ह वापरायचे, तर गावाची परवानगी लागते. म्हणजे बर्लिनहून कितीही सह्या आल्या, तरी चावी कोबुर्गच्याच हातात. कोबुर्गने २०२० मध्ये चिन्ह बदलण्यास नकार दिला. ते अजून तसेच आहे.

वादात फारसा न आलेला तिसरा मार्ग मात्र याच शास्त्रात आहे. चिन्ह म्हणजे वर्णन, चित्र नव्हे, हे मान्य केले तर ढाल तीच ठेवून डोके नव्याने काढता येते. माग्डेबुर्गच्या शिल्पकाराने आठशे वर्षांपूर्वी काढला तसा चेहरा काढायला एका शब्दाचाही बदल लागणार नाही. बाळी काढायची असेल, तर तेवढ्यापुरते वर्णन बदलावे लागेल आणि पुराभिलेख खात्याचा सल्ला घ्यावा लागेल. ‘मोर’ऐवजी ‘संत मॉरिस’ म्हणायला तर कुणाच्याच परवानगीची गरज नाही.

तूर्त गावात दोन मॉरिस आहेत. एक टाउन हॉलच्या छतावर, पूर्ण अंगाने उभा, हातात दंड घेतलेला. दुसरा रस्त्यात, लोखंडी झाकणावर, नुसते डोके. बाजारचौकात सॉसेज खायला थांबलेल्या पर्यटकाची नजर आधी खालच्याकडे जाते. वर बघायला कुणी तरी सांगावे लागते.